इनामदार मॅडम काम सांगत नसत

इनामदार मॅडमना सरळ प्रश्न विचारला आणि सरळ उत्तर मिळालं, असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. मी त्यांच्या हाताखाली दहा-अकरा वर्षं काढली. त्यातली निम्मी वैतागण्यात गेली आणि उरलेली, आपण वैतागलोय हे त्यांना कळू नये या धडपडीत. त्यांना ते कळायचंच. "मोघे, कपाळावरच्या आठ्या इस्त्री करून या, मग बोलू," असं म्हणून त्या पुन्हा समोरच्या कागदात डोकं घालायच्या.

उंच, काटकुळ्या, कायम सुती साडीत. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि तो डोळ्यांवर चढवला की समोरच्याने समजायचं, आता आपली धडगत नाही. पुण्यात इनामदार आडनाव ऐकलं की लोक मनातल्या मनात पत्ता शोधायला लागतात. आमचा एखादा गिऱ्हाईक डॉक्टर फोनवर मॅडमचं मराठी ऐकून खूश व्हायचा आणि विचारायचा, "आपण नारायण पेठेतल्या का हो?" मॅडम शांतपणे म्हणायच्या, "नाही, मोमीनपुऱ्यातली. रुकय्या इनामदार." मग पलीकडे जी शांतता पसरायची ती त्या अगदी चवीने ऐकायच्या. त्यांचं घराणं चार-पाच पिढ्यांपासून पुण्यात होतं, आणि आमच्या पत्रांतले ऱ्हस्व-दीर्घ त्या लाल शाईने सुधारून परत पाठवायच्या.

मी त्यांच्याकडे गेलो तो काळ नव्वदीचा. पिंपरीकडचे कारखाने एकेक करून लोकांना स्वेच्छानिवृत्ती देत होते. त्यात स्वेच्छा कुणाची असते हे सगळ्यांना माहीत होतं. मीही तशाच एका कारखान्यातून बाहेर पडलो होतो. तिथे प्रत्येकाचं काम छापील होतं. कुणी कुठे उभं राहायचं, कुठला कागद कुणाकडे द्यायचा, कधी चहा घ्यायचा, सगळं. मला ते आवडायचं. माणसाला निदान एवढं तरी माहीत असावं की आपण सकाळी घरातून कशासाठी निघतोय.

नवी नोकरी मिळाली ती कर्वेनगरात, दामले साहेबांच्या कंपनीत. हॉस्पिटलची बिलं करायचं सॉफ्टवेअर बनवायचे ते. खाली औषधाचं दुकान आणि पिठाची गिरणी, वर आम्ही. दामले साहेब हुशार, पण कायम घाईत. त्यांनी मुलाखत घेतली, पगार सांगितला आणि म्हणाले, "उद्यापासून या. माणसांचं सगळं मॅडम बघतात, बाकीचं त्या सांगतील."

मॅडमनी काहीही सांगितलं नाही.

"मॅडम, माझं काम काय?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"तेच मी तुम्हाला विचारणार होते."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आठ दिवस हिंडा. कोण काय करतं ते बघा, गिऱ्हाइकांकडे जाऊन या. इथे कशाचं अडतंय आणि त्यातलं काय तुम्हाला करावंसं वाटतं, ते मला येऊन सांगा. मग आपण त्याला तुमचं काम म्हणू."

मला वाटलं, ही परीक्षा आहे. मी आठ दिवस हिंडलो. घरी बायको विचारायची, "आज काय केलंत?" मी सांगायचो, "सुरुवातीला जरा समजून घ्यावं लागतं." चौथ्या दिवशी तिने विचारलं, "नोकरी लागलीय ना नक्की?"

आठवडा संपला तसा मी मॅडमसमोर जाऊन म्हणालो, "मला वाटतं, मी इथली पत्रव्यवहाराची पद्धत सुधारू शकेन."

"ती सुधारायला हवी असं कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"म्हणजे हे तुम्ही मला बरं वाटावं म्हणून बोलताय. पुन्हा हिंडा."

दुसऱ्या फेरीत मी एका हॉस्पिटलात बसलो असताना काउंटरवरच्या बाईंनी आमच्या सॉफ्टवेअरला असा शब्द वापरला की तो इथे लिहिता यायचा नाही. त्यांना ते वापरायला कुणी शिकवलंच नव्हतं. यंत्र बसवून आमची माणसं पसार झाली होती. मी तिथेच बसून संध्याकाळपर्यंत त्यांना शिकवलं. दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं की हॉस्पिटलांत जाऊन लोकांना शिकवायला कुणीतरी लागेल, आणि मी जाईन.

"तुम्हाला आवडेल?"

"आवडण्याचा प्रश्न नाही, मॅडम. गरज आहे."

"प्रश्न आवडण्याचाच आहे. गरज म्हणून कराल, तर दिवाळीपर्यंत कंटाळाल आणि माझ्यासमोर येऊन उभे राहाल. तेव्हा मी काय करू?"

मी चिडून म्हणालो, "बरं, आवडेल." आणि म्हणालो तेव्हा लक्षात आलं की खरंच आवडेल. तेच काम मी शेवटपर्यंत केलं. हे मी त्यांचं कौतुक म्हणून सांगत नाही. तेच काम त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तरी मी केलंच असतं, आणि बायकोशी खोटं बोलायची वेळ आली नसती. हे मी त्यांना पुढे एकदा बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "नसतं केलं. पत्रव्यवहार सुधारत बसला असता."

दर तीन-चार महिन्यांनी मॅडम सगळ्यांना मधल्या खोलीत बसवायच्या. प्रत्येकाने आपल्या कामातलं एक नकोसं काम सांगायचं आणि एक हवंसं. नकोसं काम टाकायला परवानगी होती, अट एवढीच की ते घेणारा माणूस आपला आपण शोधायचा. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात त्या खोलीचा मंडईचा गाळा व्हायचा. "मी तुझ्या टेस्टिंगचं बघतो, तू माझे रिपोर्ट घे," असे सौदे चालायचे. दामले साहेब दारातून डोकावून म्हणायचे, "मॅडम, ही कंपनी आहे की भिशी?" मॅडम म्हणायच्या, "साहेब, तुम्हाला काय नकोसं झालंय ते सांगायचं असेल तर आत या. नाहीतर दार लावा, गिरणीचा आवाज येतोय."

एका बैठकीत सगळ्यांनी एकाच कामाला नको म्हटलं. ते म्हणजे हॉस्पिटलांचे तक्रारीचे फोन. ते पाळीपाळीने सगळे घ्यायचे आणि सगळेच त्याला विटले होते. घेणारा कुणीच नव्हता. मी म्हणालो, "मॅडम, आता तुम्हीच कुणालातरी सांगा." त्या म्हणाल्या, "नाही. ज्याला नकोसं आहे त्याने फोन उचलण्यापेक्षा न उचललेलाच बरा."

दुसऱ्या दिवशी फोन वाजत राहिला आणि कुणी उचलेना. शेवटी मॅडम स्वतः जाऊन फोनपाशी बसल्या. त्यांना सॉफ्टवेअरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मिरजेच्या एका डॉक्टरांना त्यांनी सांगितलं, "यंत्र बंद करा, चहा घ्या, आणि पुन्हा चालू करा. नाही जमलं तर आणखी एक चहा घ्या." डॉक्टर इतके भडकले की त्यांनी थेट दामले साहेबांना फोन लावला. साहेब मला म्हणाले, "मोघे, बाईंना आवरा." जणू मला ते जमत होतं.

फोन उचलला तो वानखेडेने. वानखेडे अमरावतीचा, इंजिनिअर होऊन पुण्याला आलेला, कर्वेनगरातच चार मित्रांबरोबर खोली घेऊन राहणारा. प्रोग्रॅम लिहायला त्याला घेतलं होतं आणि त्याचे प्रोग्रॅम काही धड चालत नसत. तो दिवसभर मान खाली घालून बसायचा. त्या दिवशी मॅडमची उत्तरं ऐकून त्याला राहवेना. त्याने हळूच त्यांच्या हातातून रिसीव्हर घेतला आणि म्हणाला, "बोला डॉक्टरसाहेब, वानखेडे बोलतो. काय त्रास देऊन राहिलं यंत्र? आधी हे सांगा, जेवण झालं का तुमचं?"

असा प्रश्न आमच्या कंपनीतून कुणी कुणाला कधी विचारला नव्हता. महिन्याभरात सगळी हॉस्पिटलं वानखेडेचं नाव घेऊन फोन करायला लागली. तो नर्सना धीर द्यायचा, डॉक्टरांना गप्प करायचा आणि बोलता बोलता बिघाड शोधून काढायचा. पुढच्या बैठकीत त्याने उभं राहून सांगितलं, "मॅडम, मले हेच करायचं आहे. प्रोग्रॅम नको." मॅडम म्हणाल्या, "ठीक." झालं. त्या दिवसापासून तो मान वर करून चालायला लागला, हे मात्र मी पाहिलंय.

घोटाळा झाला त्याच्या लग्नाच्या वेळी. मुलीचे वडील यवतमाळहून पुण्यात चौकशीला आले आणि थेट ऑफिसात धडकले. सफारी घातलेले, निवृत्त मुख्याध्यापक. मी त्यांना मॅडमच्या खोलीत नेऊन बसवलं.

"मुलगा इथे नेमका कोणत्या पदावर आहे?" त्यांनी विचारलं.

मी मनात म्हटलं, बाई, एक शब्द. सॉफ्टवेअर इंजिनिअर. खोटंही नाही, कागदावर तो तोच होता.

मॅडम म्हणाल्या, "ते त्यालाच विचारा ना. त्याचं काम त्याने ठरवलंय, नावही त्यानेच ठेवायचं आहे. अजून त्याला सुचलेलं नाही."

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग मॅडम त्यांना वानखेडेच्या टेबलापाशी घेऊन गेल्या. तो फोनवर होता. लातूरच्या एका हॉस्पिटलात बिल छापलं जात नव्हतं, पेशंटचे नातेवाईक काउंटरवर ओरडत होते आणि तिथली मुलगी रडायच्या बेतात होती. वानखेडे तिला म्हणत होता, "ताई, तुम्ही त्यायच्याकडे पाहू नका, माझ्याकडे ध्यान द्या. आता वरच्या कोपऱ्यात काय दिसून राहिलं ते वाचा बरं." मुख्याध्यापक खुर्ची ओढून बसले आणि बिल छापून होईपर्यंत उठले नाहीत. निघताना मॅडमना म्हणाले, "मुलगा गुणी आहे, यात शंका नाही. पण बाई, पत्रिकेत काय छापू? टेलिफोन ऑपरेटर?"

लग्न मोडलं. वानखेडे महिनाभर मॅडमशी बोलला नाही. मी मात्र बोललो, आणि चांगलाच बोललो. "एका शब्दाने काम झालं असतं, मॅडम. इंजिनिअर म्हणायचं होतं."

"तो इंजिनिअर होता तेव्हा कसा दिसायचा, आठवतंय का तुम्हाला?"

"लग्न झालं असतं त्याचं."

"हो," त्या म्हणाल्या. "ते चुकलंच." आणि लगेच पुढे, "पण तोही तसा शब्द त्यांना सांगू शकला असता. त्यानेही नाही सांगितला, हे बघा." मी दार जरा जोरात लावून बाहेर पडलो. वानखेडेचं दोन वर्षांनी दुसरीकडे जमलं. त्या पत्रिकेत काय छापलं होतं ते मी मुद्दाम पाहिलं. नुसतं नाव होतं.

मॅडमना शब्दाने गप्प करणारा माणूस मी एकच पाहिला. जगतापमामा. ते धायरीचे, धायरी अजून गाव होतं तेव्हापासूनचे. हयात कारखान्यात गेली, कारखाना बंद पडला, आणि दामले साहेबांनी त्यांना आमच्याकडे पार्सलं पाठवायच्या कामावर घेतलं. माणूस मन लावून काम करणारा. पण मॅडम त्यांनाही सोडेनात. दर बैठकीत विचारायच्या, "मामा, तुम्हाला यातलं काय आवडतं? काय बदलावंसं वाटतं?" मामा म्हणायचे, "काय न्हाई मॅडम, बरं हाय." मॅडम म्हणायच्या, "विचार करा. पुढच्या वेळी सांगा." मी त्यांना दोनदा बाजूला घेऊन म्हणालो की मामांना सोडून द्या. त्यांनी ऐकलं नाही.

एका बैठकीनंतर मामा यायचेच बंद झाले. आठवडा गेला. मॅडम मला म्हणाल्या, "चला, धायरीला जाऊन येऊ." माझ्या स्कूटरवर मागे बसून त्या सिंहगड रस्त्याने निघाल्या, आणि वाटभर मला, कुठून वळायचं ते तुम्हीच ठरवा, असं सांगत राहिल्या. दोनदा चुकलो.

मामा अंगणात बाजेवर बसले होते. आजारी नव्हते. आम्हाला बघून उठले, टोपी घातली, चहा सांगितला.

"मामा, काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, राग मानू नका," मामा म्हणाले. "कारखान्यात भोंगा वाजला की आत, भोंगा वाजला की भायेर. कुणी कदी इचारलं न्हाई, तुला काय आवडतं. एकदाच इचारलं. सायेब जवळ बसला, खांद्यावर हात ठेवला आन् म्हनला, जगताप, तुमचा पुढं काय इचार हाय? पुढच्या म्हयन्यात कारखाना बंद. आता तुमी दर येळी इचारता. मला झोप लागंना. म्हनलं, काढायचंच हाय तर आपनच घरी बसावं."

मॅडमनी चष्मा काढला. तो चढवताना मी त्यांना हजारदा पाहिलं होतं, असा काढून हातात धरून बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला कुणीही काढणार नाही. आणि मी पुन्हा विचारणार नाही."

"मंग काय करनार?"

"रोज सकाळी मी तुम्हाला काम सांगत जाईन."

"हां," मामांचा चेहरा मोकळा झाला. "तसं सांगा. म्हंजी कळतं."

त्यांना घरी सोडायला जाताना स्वारगेटजवळ सिग्नलला थांबलो तेव्हा मागून आवाज आला, "मोघे, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"दोनदा सांगितलं होतं, मॅडम."

"मग तिसऱ्यांदा सांगायचं."

पण त्यांनी शब्द पाळला. कुणालाही काम न सांगणारी ती बाई रोज सकाळी मामांच्या टेबलापाशी उभी राहून सांगायची, "मामा, आज सोलापूरचं आधी, मग नाशिक." मामा मान डोलवायचे. कधीकधी त्या चुकीचा क्रम सांगायच्या. मामा तोही पाळायचे.

या बाई अशा का आहेत, हे कोडं मला सतावायचं. काहीतरी घडलं असणार, जुन्या नोकरीत कुणी अपमान केला असणार, असं वाटायचं. एकदा डबा खाताना मी विचारलंच. त्यांनी भेंडीचा घास संपवला आणि म्हणाल्या, "काही नाही घडलं. सगळ्यांचं काहीतरी घडलेलंच असावं लागतं का? दिवसाचे एवढे तास माणूस इथे घालवतो. ते कसे घालवायचे ते त्याला विचारावं, एवढंच." मग माझ्या डब्यात डोकावल्या. "तुम्हाला रोज बटाटाच देतात का घरून? की तुम्ही ठरवलंय?"

पुढे दामले साहेब थकले आणि त्यांनी कंपनी एका मोठ्या कंपनीला विकली. आम्ही हिंजवडीला जाणार होतो, काचेच्या इमारतीत. तिथून एक अधिकारी आले, तिशीतले, अतिशय नम्र. त्यांनी पडद्यावर एक तक्ता दाखवला. प्रत्येक पदाला पायरी, प्रत्येक पायरीला काम, पगार आणि वर चढायची वाट. आमच्यातला प्रत्येकजण कुठल्यातरी चौकटीत बसवलेला होता.

मॅडम म्हणाल्या, "चौकट देण्याआधी प्रत्येकाशी एकदा बोला. त्यांनी आपापलं काम घडवलंय."

अधिकारी हिंदीत म्हणाले, "मॅडम, इतने लोगों से अलग-अलग पूछने लगे तो कंपनी कैसे चलेगी?"

"आमची चालली," मॅडम म्हणाल्या. "मोडकीतोडकी, पण चालली."

अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. मग मॅडमनी, त्यांच्या स्वभावाला धरून, जे कुणी शहाणा माणूस करणार नाही ते केलं. दुसऱ्या दिवशी मधल्या खोलीत सगळ्यांना जमवलं आणि म्हणाल्या, "तक्ता तुम्ही पाहिलात. ज्यांना तो मान्य आहे त्यांनी हात वर करा. ज्यांना नाही, त्यांच्यासाठी मी भांडेन."

जवळजवळ सगळे हात वर गेले. माझाही. आज विचारलंत तरी मी तो वर करीन. मुलं मोठी होत होती, पायऱ्या दिसत होत्या, आणि बैठकांतल्या सौद्यांना मी कंटाळलो होतो. मॅडमनी खोलीभर नजर फिरवली. त्यांना धक्का बसला असणार. मी तो त्यांच्या चेहऱ्यावर शोधला, पण सापडला नाही.

मागे भिंतीला टेकून जगतापमामा उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, म्या हात वर करू का?"

खोलीत हशा पिकला. मॅडम हसल्या नाहीत. "हे मात्र मी नाही सांगणार, मामा."

मामांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. सगळे वाट बघत होते. "मंग न्हाई करत," ते म्हणाले.

वानखेडेनेही केला नव्हता. आणि टेस्टिंगमधल्या प्राजक्ताने, जिने आईच्या आजारपणामुळे अर्धं काम घरून करायची सोय स्वतः उभी केली होती. मॅडमनी तिघांकडे पाहून मान हलवली आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "तुमचं ठरलं. छान. कामाला लागा."

मला वाटलं, संपलं. पण त्यानंतर त्या बसने हिंजवडीला जायला लागल्या. दोन बस बदलून, ऊन असो की काही असो. तिथे स्वागतकक्षात सोफ्यावर डबा घेऊन बसायच्या. अधिकारी बैठकीत असले की त्या थांबायच्या. मी म्हणालो, "मॅडम, सगळ्यांनी हो म्हटलंय. आता तीन माणसांसाठी कशाला?"

"सगळ्यांनी स्वतःपुरतं हो म्हटलंय. त्यांनी या तिघांचं कसं ठरवलं?"

शेवटी त्या अधिकाऱ्यांनी कंटाळून तिघांशी बोलायचं कबूल केलं. वानखेडेशी ते तासभर बोलले आणि त्याचं काम जसंच्या तसं राहिलं. मामांना निवृत्तीपर्यंत ठेवून घ्यायचं ठरलं. प्राजक्ताचं मात्र जमलं नाही. घरून काम ही कल्पना तेव्हा त्यांच्या पचनी पडेना. ती नोकरी सोडून गेली, आणि मॅडम त्याबद्दल माझ्याशी कधी बोलल्या नाहीत.

मॅडमसाठीही तक्त्यात एक चौकट होती. भरतीप्रमुख. पगार आतापेक्षा बराच जास्त. त्यांनी वाचलं आणि अधिकाऱ्यांना विचारलं, "यात मला काही बदल सुचवता येईल?" ते म्हणाले, हे सगळीकडे असंच असतं. मॅडम "बरं" म्हणाल्या, जागेवर आल्या, आणि दुपारचा डबा खाऊन राजीनामा दिला.

मी त्यांच्या मागोमाग जिना उतरलो. "निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलीत, मॅडम. काढता आली असती. सगळ्या जगाचा विचार करता, स्वतःचा कधी करणार?"

"आत्ताच केला की," त्या म्हणाल्या आणि रिक्षाला हात केला.

त्यानंतर भेटी तुरळक झाल्या. हिंजवडीत मी माझ्या चौकटीत सुखाने होतो. पायऱ्या चढलो, निवृत्त झालो. खुब्याचं हाड मोडून मॅडमचं ऑपरेशन झाल्याचं वानखेडेने कळवलं, तेव्हा मी कोंढव्याला त्यांच्या घरी गेलो. दार त्यांचे यजमान युसूफसाहेब यांनी उघडलं. पूर्वी त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. अतिशय मृदू माणूस, पण त्या दिवशी चेहरा त्रासलेला.

"या मोघे," ते म्हणाले. "तुम्ही दहा वर्षं सोसलंत. माझी चाळीस वर्षं उलटली."

"काय झालं?"

"दोन बाया ठेवल्यात हिच्यासाठी. कोणी स्वयंपाक करायचा, कोणी हिला उठवायचं-बसवायचं, कोणी केव्हा घरी जायचं, हे सांगायचं का नाही? म्हणते, त्यांचं काम आहे, त्या ठरवतील. आत तेच चाललंय. दीड वाजला, हिच्या पोटात अन्न नाही."

मॅडम खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. फारच वाळल्या होत्या. पायांवर शाल, शेजारी वॉकर. स्वयंपाकघरातून दोघी बायकांचा आवाज येत होता. एकीचं म्हणणं, पोरगं शाळेतून येतं तेव्हा मला घरी असायला हवं. दुसरीचं म्हणणं, मग उचलायचं सगळं माझ्या एकटीच्या कमरेवर येतं.

"मी जाऊन सांगू का त्यांना?" मी विचारलं. "दोन मिनिटांत मिटेल."

"बसा, मोघे."

"तुम्हाला भूक लागली असेल."

"लागलीय ना. बसा."

आम्ही तिघं बसून राहिलो. मला सांगावंसं वाटत होतं की प्रत्येक गोष्टीला काही सीमा असते, आजारी माणसाने तरी शहाण्यासारखं वागावं. युसूफसाहेब माझ्याकडे बघून हताशपणे मान हलवत होते. मॅडम स्वयंपाकघराच्या दिशेने कान देऊन ऐकत होत्या. आतले आवाज चढले, मग उतरले, मग एकीला हसू आलं, मग भांड्यांचा आवाज सुरू झाला.

थोड्या वेळाने थोरली बाई दारात आली. पदराला हात पुसत म्हणाली, "मॅडम, आमचं ठरलं. दुपारची ही जाणार, आणि उचलायच्या टायमाला परत येणार. स्वयंपाक माझा. चालंल का तुम्हाला?"

"मला काय विचारता?" मॅडम म्हणाल्या. "वाढा आता. मेले मी भुकेने."

तिने मुगाच्या खिचडीची ताटली आणून मांडीवर ठेवली. चमचा उचलताना थोडी खिचडी शालीवर सांडली. धाकटी भरवायला पुढे झाली तर त्यांनी तिला मानेनेच नको म्हटलं. मी निघतो म्हणालो. त्यांनी तोंडात घास असताना नुसता चमचा वर केला, आणि पुन्हा ताटलीत वाकल्या. मी चपला घालून मागे पाहिलं, तेव्हा त्या कुणाकडेही लक्ष न देता, घाईघाईने, लहान मुलासारख्या जेवत होत्या.